रक्त पातळ, भाजी पातळ
अळूच्या भाजीवर फोडणी पडली, की मला उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी डॉक्टरांचा दवाखाना आठवतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहत होतो. वडिलांच्या हृदयाचा ताल बिघडला होता. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. पण दोन महिने झाले तरी दर तपासणीत रक्त आपलं लवकरच गोठायचं, गोळी वाढायची आणि आईचा चेहरा आणखी उतरायचा. शेवटी डॉक्टर वैतागले. "भाभी, सच बोला, साहेब गोळी खातात की गटारात फेकतात?" "माझ्यासमोर घेतात!" आई उसळली. "वर मी दोन्ही वेळा पातळ भाजी करते. रक्त पातळ हवं ना? परसात अळू आहे ढीगभर!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा! रक्त गोठवायला लिव्हरला जे व्हिटॅमिन लागतं, ते हिरव्या पानांत भरलेलं असतं. गोळी त्याचं काम अडवते आणि तुम्ही तेच ताटात वाढता!" त्यांनी भाजी थोडीच, पण ठरलेल्या मापाने द्यायला सांगितली. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट पहिल्यांदाच मनासारखा आला. आई रडता रडता हसली. ती संधी साधून वडील हळूच म्हणाले, "आता सांगतो, मला अळू कधीच आवडलं नाही." आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, हृदयही ठणठणीत आहे, पण बायकोपुढे असं बोलायची माझी अजून छाती होत नाही.