भीमबाई माझ्याशी बोलली

आधीच सांगते, असले अनुभव मी वाचायची ते करमणूक म्हणून. विश्वास कधीच नव्हता. आमचं घर बौद्ध. आजोबांनी गंडे-दोरे, अंगारे घराबाहेर काढले ते कायमचे. शेजारी कुणाच्या अंगात आलं की आई टीव्हीचा आवाज वाढवायची. म्हणून हे घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण इथे मला कुणी ओळखत नाही... आणि खरं सांगू का, हे आठवलं की भीती कमी वाटते, लाजच जास्त वाटते.

मी यवतमाळची, लोहाऱ्याकडे राहते. एमएसडब्ल्यू झालंय, इंग्रजी बरं आहे. त्या जोरावर पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका फील्ड स्टेशनवर दुभाषी म्हणून काम मिळालं. फील्ड स्टेशन म्हणजे पत्र्याची शेडं, सोलर, प्रयोगशाळा म्हणायची एक खोली, आणि परदेशातल्या कॉलेजांतून एका सेमिस्टरसाठी येणारी पोरं-पोरी. कुणी पक्ष्यांच्या मागे, कुणी ओढ्याचं पाणी तपासतंय. माझ्या वाट्याला क्लारा आली. तिचा विषय मोहाची झाडं.

आमच्याकडे मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे जमीन साफ होते, फुलं वेचायला सोपं जातं. त्यातूनच कधी कधी जंगलात वणवा पेटतो. तर जवळच्या कोलाम पोडावर — पोड म्हणजे कोलामांची वस्ती — क्लाराला एक घर सापडलं, जे कधीच आग लावत नव्हतं. खराट्याने झाडून घ्यायचे. क्लारा हरखून गेली. म्हणाली, "का लावत नाहीत, ते विचारायलाच हवं."

आम्ही गेलो ते भर दुपारी. घरातले सगळे वेचणीला गेलेले. अंगणात मांडवाखाली बाजेवर एक म्हातारी बसलेली — भीमबाई. क्लाराने रेकॉर्डर बाजेवर ठेवला आणि मान खाली घालून लिहायला बसली. मी प्रश्न विचारला. भीमबाईने माझा हात धरला आणि बोलायला लागली. मला कोलामी येत नाही, पण ती आपल्या वऱ्हाडीतच बोलली. मला शब्दन् शब्द आठवतोय.

"तुले लेकरू हाये काय?"

"हो, एक मुलगी आहे," मी म्हटलं.

"मले बी होती. झोळीत निजली होती, मोहाले बांधली होती झोळी. म्याच आग लावली पाल्याले. म्हनलं आता इझते, मंग इझते... वारा फिरला ना माय. लोकाईले सांगतलं, तापानं गेली."

ती थांबायची, मी इंग्रजीत सांगायची, क्लारा लिहायची. शेवटी क्लाराचे डोळे भरले. तिने विचारलं, "हे मी कार्यक्रमात सांगितलं तर चालेल का, विचार ना त्यांना."

मी विचारलं नाही. ऊन भयंकर होतं, जीपवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "चालेल म्हणतात."

सेमिस्टर संपताना स्टेशनवर कार्यक्रम असतो. गावातल्या लोकांना बोलावतात, चहा-भजी असतात, पोरं आपापलं काम सांगतात, आणि मी ते मराठीत सांगते. क्लाराने भीमबाईचा फोटो लावला, नावासकट गोष्ट सुरू केली. पहिल्या वाक्यालाच मला कळलं, हे बोलायचं नसतं. पण माईक हातात होता, समोर माणसं बसली होती. मी बोलत गेले. झोळी, आग, वारा. सगळं.

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. भीमबाईचा मुलगा, लेतू.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"भीमबाईंनीच," मी म्हटलं.

"माय?" तो दोन पावलं पुढे आला. "मायले लकवा मारला तवापासून तिच्या तोंडून शब्द नाही फुटला, म्याडम. दोन सालं झाले."

शेजारी त्याची बायको सुमन बसली होती. ती नवऱ्याकडे वळली. "तुमची बहीन जळून गेली? मले तं कोनीच नाही सांगतलं." तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

स्टेशनचे सर आम्हाला आणि लेतूला आत घेऊन गेले आणि क्लाराच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. क्लाराचा प्रश्न. माझा प्रश्न. मग काहीच नाही... कोंबड्या, लांबून येणारा ट्रकचा आवाज. आणि त्या शांततेत एकदम माझाच आवाज — "हो, एक मुलगी आहे." पुन्हा शांतता. मग माझं इंग्रजी. असंच शेवटपर्यंत. भीमबाईचा साधा हुंकारसुद्धा नाही. सगळ्यात शेवटी मी म्हणते, चालेल म्हणतात.

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही मनानं रचलंत हे सगळं?"

त्यांनी क्लाराला विचारलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "मी तर लिहीत होते. मला वाटलं, त्या हळू बोलतायत."

लेतूच बोलला. "रचलं नाही, साहेब. गोष्ट खरी हाये. बापानं मरताना फक्त मले सांगतली होती. म्या कोनाले नाही सांगतली. बायकोले बी नाही."

मग सर म्हणाले, गावातून कुणीतरी कुजबुजलं असेल, तुम्ही विसरला असाल. मी मान डोलावली. त्या खोलीतून बाहेर पडण्यासाठी मी कशालाही हो म्हटलं असतं. क्लाराने तो भाग रिपोर्टमधून काढला. पण पोडावर आता सगळ्यांना माहीत झालं होतं, ते कसं काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच लेतूच्या घरी गेले. वाटलं होतं, हाकलून देईल. सुमनने पाण्याचा गडवा पुढे ठेवला आणि आत निघून गेली. लेतू माझ्यासमोर उकिडवा बसला.

"म्याडम, एक सांगा. आवाज कसा होता तिचा?"

मला आधी कळलंच नाही.

"मायचा. तुमी आयकला ना."

"घोगरा," मी म्हटलं. "दम लागल्यासारखा. पण 'माय' म्हणायची ना, तेव्हा एकदम मऊ व्हायचा."

"हाव," तो म्हणाला. "हाव... तसाच होता." आणि एवढा मोठा बाप्या तोंडावर दुपट्टा धरून रडला.

स्टेशनचं काम मी सोडलं. डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला "माझ्या ओळखीच्या एकीचं झालं" असं म्हणून विचारलं. ती म्हणाली, उष्माघात, भास. असेल. पण भासात मला दुसऱ्याच्या घरातली खरी गोष्ट कशी कळली, ते तिलाही सांगता आलं नाही. मलाही नाही सांगता येत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

त्या सकाळी लेतूच्या घरून निघण्याआधी मी भीमबाईच्या बाजेजवळ गेले होते. खाली बसले आणि म्हटलं, "माय, चुकलं माझं." तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, हे नक्की. त्या पहिल्या दुपारी ज्या हाताने माझा हात धरला होता, तोच हात तिने कसाबसा उचलला. मला वाटलं, पुन्हा धरेल. तिने पदर ओढला, हळूहळू, अख्खा चेहरा झाकेपर्यंत. मी तिथे बसून होते तोवर तिने तो काढला नाही.