कालवंवालीचा अंगठा

अंगठा लावायच्या आधी ती तो तोंडाजवळ न्यायची, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, पदराला दोनदा घासायची आणि मग मशीनच्या काचेवर असा दाबायची, जणू ढेकूण चिरडतेय. मशीनवर लाल दिवा लागायचा. मग ती माझ्याकडे बघून म्हणायची, "मी हाय ना? मंग?"

त्या "मंग?"चं उत्तर माझ्याकडे नसायचं. नसलं की मला राग येतो, आणि राग आला की मी समोरच्यावरच खेकसते. तेव्हा आमची पहिली ओळख भांडणातून झाली हे वेगळं सांगायला नको.

पनवेलच्या मासळी बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथेच एका बँकेचं बोटं ओळखणारं छोटं मशीन ठेवलंय. अंगठा लावायचा, खात्यातले पैसे घ्यायचे, बँकेत जाऊन रांग लावायची गरज नाही. पाटीवर 'बँकमित्र' लिहिलंय. मित्र कसली, कमिशनसाठी दिवसभर लोकांच्या शिव्या खाते.

ती बाजाराच्या तोंडाशी कालवं विकायला बसायची. ओहोटीला खाडीत उतरून खडकांवरची कालवं काढायची, घरी आणून एकेक शिंपला छोट्या कोयतीने उघडायचा, आतला गर काढायचा आणि वाटे लावून विकायचा. तुम्ही कधी कालवाचा शिंपला हातात धरून पाहिलाय? ब्लेडसारखी धार असते. चाळीस वर्षं हेच केल्यावर बोटांवर रेघा कुठून राहणार? तिचा अंगठा मी एकदा बॅटरी लावून पाहिला. वाटीचं बूड बरं, इतका गुळगुळीत.

पहिल्या दिवशी अकरा वेळा लाल दिवा लागल्यावर मी वैतागून म्हटलं, "मावशी, मुलाला घेऊन ये ना. त्याच्या खात्यावर घे पैसे. तुझीही कटकट नाही, माझीही नाही."

झालं! बाईने कालवांची पाटी खाली ठेवली.

"माज्या पैशाला पोराचा अंगठा कशाला गो? मिठागराच्या जागेचे पैसे आले तवा नवऱ्याचा अंगठा. नवरा गेला, मंग पोराचा. मी काय बगितलं? ते पैसे मी पोराच्या मोटारसायकलवर बसून जाताना बगितले!"

मला हसू आलं. तीही हसली, पण पाटी उचलेना. दुकानात कालवांचा वास भरला, झेरॉक्सची गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावून परत गेली. शेवटी मी तिला रिक्षात घालून बँकेच्या शाखेत नेलं, तिथे पासबुक दाखवून पैसे मिळाले तेव्हा कुठे सुटका झाली.

आता ती इतकी हट्टाला का पेटायची, ते सांगते. बाजारात एक माणूस रोज सकाळी यायचा. बायकांच्या हातात नऊशे रुपये ठेवायचा आणि संध्याकाळी पूर्ण हजार घेऊन जायचा. त्या पैशांवर बर्फ आणि लिलावातली मासळी घ्यायची, दिवसभर उन्हात बसायचं आणि कमाईतला मोठा घास त्याला द्यायचा. तो गोड बोलायचा, बायकांना "ताई" म्हणायचा. त्याचा हा गोडवा तिला फार झोंबायचा.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं व्हतं," ती म्हणायची. "ताई बोलून कापतो मेला!"

तिनेच मग आणखी नऊ जणी गोळा केल्या आणि दहा जणींचा बचत गट काढला. घरोघरी फिरली. कुणाची सासू नको म्हणाली, कुणाचा नवरा दारातूनच ओरडला. ती उंबऱ्यावर बसून राहायची. "एकलीला बँक दारात उबी करत नाय. धा जनींना खुर्ची देते," एवढंच तिचं भाषण. दोन वर्षं दहा जणींनी दर आठवड्याला पैसे साठवले, एकही आठवडा चुकवला नाही. मग बँकेने कर्ज द्यायचं कबूल केलं. त्यातून बर्फाची मोठी पेटी घ्यायची, लिलावात दहा जणींनी मिळून माल उचलायचा आणि त्या ताईवाल्याला नमस्कार करायचा. अट एकच होती. दहाही जणींची ओळख मशीनवर पटली पाहिजे.

नऊ जणींची पटली. जिने गट काढला तिचीच पटेना.

मशीन दुरुस्त करायला येणारा म्हणाला, "बोटांना पंधरा दिवस आराम द्या, तेल लावा, थोड्या रेघा परत येतात." झालं, नऊ जणींनी ठरवलं की पंधरा दिवस तिच्या वाटणीची कालवं आपण फोडायची आणि तिला कोयतीला हात लावू द्यायचा नाही.

त्या पंधरवड्यात बाजारात जायला मजा यायची हो! बाई दोन्ही अंगठ्यांना खोबरेल तेल चोपडून, हात मांडीवर उताणे ठेवून बसलेली, आणि तोंड मात्र चालू. "अगो ती फाटली! अगो बाय, बिजागरीवर धर ना! तुला आयशीनं काय शिकिवलं?" एकीने वैतागून सांगितलं, "मावशे, अंगठ्याबरोबर तोंडाला पन तेल लाव." सगळ्या खिदळल्या. तिला राग आला नाही, पण अस्वस्थ होती बिचारी. रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. एकदा मला म्हणाली, "बाय, हात असे पडले की वाटतं मीच पडले."

बाराव्या दिवशी मी तिच्या अंगठ्यावर बॅटरी मारली तर खरंच बारीक रेघा दिसत होत्या. मी चक्क टाळी वाजवली.

तेराव्या दिवशी बाईने घोळ केला. गटातली सगळ्यात लहान, नुकतीच नवरा गेलेली पोरगी हिच्या वाटणीची कालवं फोडत होती. तिला जमेना, एकेक गर फाटत होता. फाटलेल्या कालवाला गिऱ्हाईक हात लावत नाही. पोरगी रडायला आली. ही किती वेळ बघणार? "दे हिकडं!" म्हणून तिने कोयती ओढली. अंगठ्याला तेल लावलेलं, कोयती सटकली, आणि उजव्या अंगठ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली.

माझ्याकडे अंगठ्याला चिंधी बांधून आली. मी इतकी ओरडले की समोरचा चहावाला धावत आला. "अक्कल आहे का तुला? दोन दिवस! फक्त दोन दिवस राहिले होते!"

"पोर रडत व्हती," ती म्हणाली. बस, एवढंच.

मग आम्ही सगळ्या शाखेत गेलो, तिथल्या मशीनने तिचा डावा अंगठा आणि बाकीची बोटंही नाकारली. शाखेतला साहेब तरुण होता, लांबच्या गावचा, बोलायला नम्र. तो म्हणाला, "मावशी, सिस्टीम घेत नाही तर मी काय करू? तुमचं नाव कमी करू आणि सुनेचं घालू. घरातल्या घरातच राहील." नऊ जणी एकमेकींकडे बघत होत्या. ताईवाल्यापासून सुटायचं होतं सगळ्यांना.

आणि मी? माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून साहेबाने कागद माझ्यापुढे सरकवला आणि तिचं नाव कमी करायचा अर्ज मी लिहिला. हो, मीच लिहिला. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं, "सदर सदस्येची ओळख पटत नसल्यामुळे तिचे नाव गटातून कमी करण्यात यावे."

"कोनाची वलख पटत नाय?"

"तुझी."

"मंग तू बोलतेस कोनाशी?"

ती साहेबाकडे वळली. आवाज चढवला नाही. खुर्चीवर नीट टेकून बसली आणि म्हणाली, "सायेब, या नवांना पैसे द्यायचे तर द्या. मी आड येनार नाय. पन माजं नाव काडायचं तर खरं कारन लिवा. लिवा, ही समोर बसलेली बाई ती बाई नाय. खाली सही करा, शिक्का मारा. तो कागद घेऊन मी घरी जाते. पोराला सांगते, तुजी आय बँकेत हरवली."

साहेब हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. असं लिहून कोण सही करणार?

"लिवा ना. मी बसलेय."

आणि खरंच बसली. पाटी पायाशी, एसी चालू, कालवांचा घमघमाट सगळ्या बँकेत. पैसे भरायला आलेले लोक नाक दाबून तिला वळसा घालत होते. वॉचमन दोनदा आला, दोन्ही वेळा तिने त्याला भाव सांगितला. अर्ध्या तासाने ती लहान पोरगी उठली आणि हिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर जाऊन बसली. मग दुसरी. मग नऊच्या नऊ. मी तो अर्ज टराटरा फाडला आणि मीही बसले.

साहेबाने वरच्या साहेबाला फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो सर... नाही सर, उठत नाहीत... असा फॉर्म आहे का सर?"

होता! पहिल्यापासून होता! मशीन घेत नसेल तर कागदाचा फॉर्म भरायचा, शाईचा अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पण फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, म्हणून कुणी कपाटातून काढलाच नव्हता. आणि मी, मोठी बँकमित्र, मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. गरिबाला दार बंद आहे असं आपण किती चटकन सांगून मोकळे होतो! दार ढकलून तरी बघावं ना.

शाईचं पॅड सुकून खडखडीत झालेलं. वॉचमनने त्यावर पाणी शिंपडलं. उजव्या अंगठ्याला चिंधी होती. साहेब म्हणाला, "बायकांचा उजवाच अंगठा घेतात, मावशी."

"डावा घे रं पोरा. तो बी माजाच हाय."

घेतला. साक्षीदार म्हणून एक सही वॉचमनची, एक माझी. आयुष्यात शेकडो सह्या केल्या असतील, पण इतकी सावकाश आणि जपून केलेली तीच एक.

पेटी आली. पहिल्या सकाळी ताईवाला नेहमीसारखा नोटा मोजत आला. तिने त्याच्यापुढे कालवांचा एक वाटा सरकवला. "भाव इचार आनि रोख दे. हितं उधारी बंद झाली, दादा!" त्यातला 'दादा' तिने इतका लांबवला की बाजार हसला. तो पुढे कधी फिरकला नाही.

तीन वर्षं ती त्या गटाची प्रमुख होती. दर महिन्याला माझ्या मशीनवर अंगठा दाबायची, मशीन नाही म्हणायचं, ती मशीनला दोन शिव्या हासडायची आणि फॉर्म मागायची. फॉर्मचा गठ्ठा मी गल्ल्याजवळच ठेवला होता. गल्लीतला गवंडी आला, भांडी घासणाऱ्या बायका आल्या, त्यांनाही तेच फॉर्म भरून दिले.

मागच्या थंडीत ती गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. सून खातं बंद करायला शाखेत गेली, तेव्हा मी सोबत होते. खिडकीवरची नवीन मुलगी म्हणाली, "त्या वारल्याचा दाखला लागेल." मला भडभडून आलं आणि संतापही आला. मी म्हटलं, "अगं, ती जिवंत आहे हे तुमच्या मशीनने एकदा तरी मान्य केलं होतं का?" मुलगी गोंधळली. तिची काही चूक नव्हती. आम्ही दाखला आणून दिला.

गटात दहाव्या जागी आता तिची सून आहे. सासूच्या जागी बसते, कालवं फोडते. तिचा अंगठा मशीन पहिल्या फटक्यात घेतं, हिरवा दिवा लागतो. परवा पैसे देताना मी तिचा हात धरून उजेडात नेला. कडेच्या रेघा पुसट व्हायला लागल्यात.

"काय बगता, ताई?" तिने विचारलं.

"काही नाही. ज्या दिवशी हा चालायचा बंद होईल, त्या दिवशी घरी जाऊ नकोस. मला हाक मार. मी दुकान बंद करून येते. बसू दोघी."