राख चाळणारे मामा

चिमूटभर राख तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं चोळायची आणि हात उन्हात धरायचा. काळा डाग उरला की मामा म्हणायचे, "कच्ची हाय अजून." करडा उरला, तर काही न बोलता चाळणीत टाकायचे. कच्चं म्हणायला त्यांना राखच लागायची असं नाही. टपरीवरचा चहा, मुकादमाची अक्कल, आणि पहिल्या दिवशी मीसुद्धा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांमागे, सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक करणारं एक छोटं युनिट आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तिथे जात होते. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळल्यावर जी राख उरते, ती ब्लॉकमध्ये घालून सिमेंट कमी करायचं, हा माझा विषय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विषय कुणाला समजावताना माझा आवाज बारीक व्हायचा.

युनिटवर कामाला असलेल्या मामांना (सगळेच त्यांना मामा म्हणायचे) तो समजवावा लागला नाही. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली होती. "दोरीवरची कापडं काळी व्हायची बघ," ते म्हणाले. "बायको रोज शिव्या घालायची त्या राखेला. आता त्याच राखेची फरशी केलेली बघायला ती न्हाय."

युनिटमधल्याच पत्र्याच्या खोलीत ते एकटे राहायचे. माझ्या ब्लॉकवर ओली पोती अशी घालायचे, जशी आपण तापात कपाळावर पट्टी ठेवतो. दिवाळीत मी विचारलं, "मामा, गावाला नाही जाणार?"

"ब्लॉकला पाणी कोण घालनार? तू?"

मला ते खरंच वाटलं. तुम्ही असतात तर कदाचित लगेच ओळखलं असतं. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

मालकांची अट साधी होती. राखेचे ब्लॉक सातव्या दिवशी साध्या ब्लॉकइतके मजबूत निघाले, तर राखेचं काम सुरू करायचं आणि ते मामांनी बघायचं. नाही तर नवं मशीन येणार होतं, आणि त्यावर मामांना काम नव्हतं. मालकांचा माल सातव्या दिवशी गाडीत चढतो, म्हणून सात दिवस. मी मान हलवली. सात दिवस पुरतात का, हे कॉलेजातल्या सरांना विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही.

सातव्या दिवशी कॉलेजच्या दाब देणाऱ्या मशीनवर राखेचे ब्लॉक साध्या ब्लॉकांच्या आधी फुटले. मी निकालाचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवला.

"अजून थोडं दिस पाणी पाजू की," मामा म्हणाले. "राख सावकाश धरती."

"मामा, ब्लॉक हाय का आजारी माणूस?" मालक हसले.

"दोगांनाबी घाई करून चालत न्हाय, मालक."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी कागदाकडे बघत राहिले. महिनाअखेरीस मामा काम आणि खोली सोडून गेले.

पुढे प्रयोगशाळेत सरांनी माझी वही चाळली. "अठ्ठावीस दिवस का थांबली नाहीस? अशा राखेचा जोर मागाहून येतो."

मी तशीच युनिटवर गेले. वॉचमननं मामांच्या खोलीमागचं पिंप दाखवलं. उरलेले सहा ब्लॉक पाण्याखाली होते. "मामा म्हनले, पोरगी येईल. पानी कमी होऊ देऊ नको."

अठ्ठावीस दिवस भरल्यावर मी ते कॉलेजच्या मशीनवर नेले. या वेळी ते साध्या ब्लॉकच्या बरोबरीनं टिकले.

मालकांनी नवा कागद दोनदा वाचला. "मग बोलव की मामाला. मशीनचं बघू नंतर."

मामांचा नंबर बंद होता. मुकादमाला गाव माहीत नव्हतं, वॉचमनला माहीत नव्हतं. मालक म्हणाले, "भाच्याकडं जातो म्हनला होता. तू तर रोज बोलत होतीस त्याच्याशी."

भाच्याच्या गावाचं नाव मामांनी मला सांगितलं होतं. तेव्हा ब्लॉक वजनकाट्यावर होता आणि मी आकडा वाचत होते. मी नुसतं "हं" म्हटलं होतं.

त्या दिवसाची वही माझ्याकडे आहे. तीत त्या ब्लॉकचं वजन आहे, ग्रॅमपर्यंत.