पाठीवरचा डबा आणि लेकाचं जाकीट

मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि आमचा थोरला अंगणात बसून ब्लेडनं नवंकोरं जाकीट उसवत होता. होडीत बसताना घालायचं ते, पाण्यात तरंगवणारं जाकीट. त्याच्या पुढच्या बाजूच्या फोमच्या जाड पट्ट्या काढून त्यानं पायरीवर ठेवल्या होत्या आणि आमची मांजरी त्यांना नखं घासत होती. पीठ भरल्या हातानं मी तशीच बाहेर आले. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही. लिहायला बसले तेसुद्धा त्यामुळंच.

हा लेक सैन्यातनं निवृत्त होऊन घरी आलाय. घरचा ऊस आहे, जनावरं आहेत, पण पहाटे उठायची सवय लागलेला माणूस. उठून करायचं काय, म्हणून मासे धरायचा नाद लागला. बरं, काठावर बसून गळ टाकावा तर ते नाही. कुठल्याशा ठाण्यावर असताना साहेबलोकांची बघितलेली, तसली एकट्यानं वल्हवायची प्लॅस्टिकची होडी त्यानं मागवली. कायाक म्हणतात तिला. पिवळीधम्मक, मधोमध पाठ टेकायला खुर्ची. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्या की आमच्या गावापुढं कृष्णामाई तुडुंब उभी राहते. त्या फुगवट्यावर हा अंधार फाटायच्या आत एकटाच जाणार. पाण्यात पाण्याच्या मोटारींचे लोखंडी पाइप, केबली, पुरात वाहून आलेल्या बाभळी, सगळं खाली दडलेलं. मी सांगून टाकलं होतं, जाकीट अंगात असेल तरच होडी पाण्यात जाईल, नाहीतर त्या होडीत मी कोंबड्या बसवीन. तेव्हा कुठं मोबाईलवरून हे नारिंगी जाकीट आलं होतं.

"हे काय केलंस रं?" मी विचारलं.

"पुढचं काढलं. गळ फेकताना कोपर अडतंय. रीळ फिरवाय येत न्हाई."

"आन पाण्यात पडलास तर?"

"मागचं हाय की." त्यानं जाकीट उलटं करून दाखवलं. "आई, आमाला पवायला शिकवताना डबा कुठं बांधत होता तुमी? पाठीवरच न्हवं?"

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या काठावरची झाडून सगळी पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, तोंड पक्कं बंद करायचं, सुंभानं पाठीवर आवळायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचं. हल्ली प्लॅस्टिकचा कॅन बांधतात, एवढाच फरक. त्यामुळं तरंगायची वस्तू म्हणजे ती पाठीवरच, हे आमच्या गड्यांच्या हाडात बसलेलं आहे.

आमचे मालक खाटेवरून म्हणाले, "बरुबर हाय त्याचं. पोटाला डबा बांधल्याला बघितलाईस का कवा?"

"आवं, डबा पाठीवर असला म्हंजे पोरगं पालथं तरंगतंय," मी म्हटलं. "पालथं तरंगलं तर हातपाय मारंल, म्हणून बांधत्यात तसा. आन वर काठावर चार माणसं उभी असत्यात. ह्याच्या डोक्यावर कोण उभं राहणार हाय पाटंचं? होडी उलटली, डोकं पाइपावर आपटलं, शुद्ध गेली, तर हा पालथाच राहील. नाक पाण्यात."

"आई, मी तासभर पवतो," लेक म्हणाला. "फौजेत काय गोट्या खेळत होतो व्हय?"

बघा, म्हणजे शुद्ध गेलेला माणूस तासभर पोहणार. आणि बाप खाटेवर मान डोलावतोय. जाकीट काय पोहता येत नाही म्हणूनच घालायचं असतं, की पोहणाऱ्यालाही पोहता येईनासं झालं तर उपयोगी पडावं म्हणून? ही साधी गोष्ट दोन शहाण्यासुरत्या पुरुषांच्या डोक्यात शिरेना. मी तव्यावरची भाकरी करपू दिली आणि म्हटलं, चला घाटावर.

बाप-लेक पुढं झाले, लेकाची बायको, आमची सूनबाई, माझ्यामागनं निघाली. ती कमी बोलणारी. वाटेत एवढंच म्हणाली, "आत्या, माझं तर ऐकतच न्हाईत. तुमी सोडू नका."

घाटावर दोघंतिघं म्हशी धूत होते. त्यातला एक हसत म्हणाला, "काकी, सुभेदाराला पवायला शिकवाय आणलंय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं, "जागा हाय अजून. तुझ्या आईला पण सांगावा धाड."

लेक तसलं अर्धं जाकीट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मी पायरीवरनं सांगितलं, "पवायचं न्हाई. हात हालवायचा न्हाई, पाय हालवायचा न्हाई. मेल्या..." तो शब्द तोंडातून निम्मा गेला आणि मीच माझी जीभ चावली. "झोपल्यागत पड."

तो आधी उताणा पडला. क्षणभर वाटलं, हे सगळे बरोबर आणि मीच खुळी. मग पाठीवरचा फोम वर यायला बघू लागला, अंग एका कुशीला कललं आणि तो सावकाश पालथा झाला. तोंड पाण्यात. रिकामं जाकीट मानेवर चढून डोकं आणखीच खाली दाबत होतं. हात त्यानं खरंच हलवले नाहीत, शब्दाचा पक्का. त्याचे केस पाण्यावर पसरले होते. सूनबाईची बोटं माझ्या दंडात रुतली.

मी ओरडायच्या आत तो खोकत उभा राहिला. नाकातून पाणी येत होतं. मालक तरीही म्हणाले, "त्याला सवय न्हाई नव्या जाकिटाची."

तेव्हा मी घाटावर, चार लोकांसमोर, लग्नानंतर पहिल्यांदा मालकांवर आवाज चढवला. काय बोलले ते इथं लिहीत नाही. घरी आल्यावर विळा घेतला आणि त्या जाकिटाचे पट्टे कापले, म्हणजे दुसरा कुणी शहाणा ते अंगात घालायचा नाही.

मग सांगलीला गेलो, मी आणि लेक. मोबाईलवरून काही मागवायचं नाही, अंगावर घालून बघायचं, हे मी ठरवलं होतं. दोरखंड, ताडपत्र्या, होड्यांचं सामान विकणारं दुकान होतं. दुकानदारानं आधी पट्ट्यासारखं बारीक जाकीट काढलं. "मावशी, हे एकदम हलकं. पाण्यात पडलं की दोरी ओढायची, गॅसनं फुगतं."

"शुद्धीवर नसलेला माणूस दोरी ओढंल व्हय?"

तो म्हणाला, आपोआप फुगणारंही असतं, पण ते आत्ता दुकानात नाही. मी म्हटलं, मग नसलेल्याचं कौतुक नको, फोमचं दाखवा.

फोमचं निघालं. समोर चेन, तिच्या दोन्ही बाजूंना फोम, काखेत हात फिरायला मोठी मोकळी जागा, गळ आणि कात्री ठेवायला खिसे. पाठीवरचा फोम फक्त वर खांद्यांपाशी, खाली नुसती जाळी, म्हणजे होडीतल्या खुर्चीला पाठ टेकते आणि जाकीट वर ढकललं जात नाही. लेकानं दुकानातच हवेत गळ फेकून बघितला. कोपर अडलं नाही. म्हणजे असली जाकिटं जगात होती. त्यानं विचारलं नव्हतं, एवढंच. हात मात्र आधी ब्लेडकडं गेला.

"एक नंबर मोठं द्या," तो दुकानदाराला म्हणाला, "थंडीत आतनं स्वेटर घालता येईल."

आमच्याकडं कापड सैलच घेतात, पुढं-मागं कुणाला तरी होतं म्हणून. मी त्याला हवं होतं ते मोठं घालायला लावलं, पट्टे आवळले आणि मागनं दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. जाकीट सरळ कानापर्यंत आलं आणि सुभेदाराचं तोंड कासवासारखं आत गेलं. दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. लहान नंबराचं घातलं, तसंच उचललं, ते जागचं हललं नाही. दुकानदारानं आतल्या पट्टीवरचं वजन वाचून दाखवलं, ते लेकाच्या वजनाला जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट. ह्या वेळी मालक मागनं आले. लेक पाण्यात उतरला, स्वतःहून पालथा पडला आणि हात सोडून दिले. जाकिटानं त्याला हळूहळू फिरवलं. तोंड आभाळाकडं आलं, हनुवटी पाण्याबाहेर. तो तसाच पडून राहिला.

"झालं न्हवं आता?" मालक म्हणाले. "ऊन चढतंय. चल घरी."

"तुमी जावा."

"बोलावंस तरी धड."

लेकानं पाण्यातून विचारलं, "आई, उठू का?"

"थांब अजून," मी म्हटलं. माझा श्वास अजून जागेवर यायचा होता. मालक घरी जायचं सोडून, धोतर सावरून माझ्यापासून दोन पायऱ्या लांब बसले.