गफ्फारभाईचं नाक

बोरी अरबहून दारव्ह्याकडे निघालं की डाव्या हाताला कडुनिंबाखाली टिनाचं एक शेड लागतं. पाटी नाही, काही नाही. कधी काळी पाटीची गरजच नव्हती. डिझेल गाडी बिघडली की आसपासचे सगळे ड्रायव्हर एकच म्हणायचे, "गफ्फारभाईकडे ने, तो वास घेईन." थट्टा नव्हती हो ती! गफ्फारभाई सायलेन्सरपाशी वाकायचा, डोळे मिटायचा, दोन श्वास ओढायचा. मग तळहात धुरात धरून तोही हुंगायचा आणि सरळ उभा राहून सांगायचा, नोझल गेलं, रिंगा गेल्या, नाहीतर "रॉकेल भरलं काय बे तू?" खोलून पाहिलं की तसंच निघायचं. मोठ्या शहरातले मिस्त्री मशीन लावून शोधत ते हा माणूस नाकानं शोधायचा. त्याला त्याचा गर्व होता, आणि कायले नसावा?

नव्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्यात धुराचा थोडा हिस्सा परत इंजिनात पाठवायची सोय आली. त्यानं आतली आग बेतात राहते आणि बाहेर घाण कमी जाते. किती धूर परत सोडायचा ते एक झडप ठरवते. तो तापलेला धूर आधी एका छोट्या कूलरमधून जातो. नळ्यांतून धूर, नळ्यांभोवती गोडसर वासाच्या कूलंटचं पाणी. बाकीच्या मिस्त्र्यांना ही भानगडच नको होती. ते पत्र्याची चकती कापून ती वाटच बुजवून टाकत आणि गाडी पळते म्हणून सांगत. गफ्फारभाई अशा वेळी भडकायचा. "बनवणारा येडा हाय काय? धुराले वाट देल्ली तं कायच्यासाठी तरी देल्ली असन ना!" तो झडप खोलून काजळी खरवडायचा आणि कूलर धुवायचा. त्यानं एक गोष्ट साऱ्यांना शिकवून ठेवली होती. थंडीत पांढरा धूर दिसला तर घाबरू नका, पण हुंगून पाहा. कच्च्या डिझेलचा वास आला तर नोझल. गुळाच्या पाकासारखा गोड वास आला तर कूलर चिरला, पाणी धुराच्या वाटेत उतरतंय, गाडी जागची हलवू नका.

आणि नेमकं तेच नाक गेलं.

बोंडअळीच्या सालातली गोष्ट. त्या ईदेला हलीमानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या कॉलरला अत्तर लावलं. याला वासच येईना. सर्दी असेल म्हणून तो गप्प राहिला. महिना झाला, दोन झाले, भाजी करपली तरी याला पत्ता नाही. वीस वर्षं धूर आणि काजळी धुवायचं औषध ओढलं होतं, त्याचा तो परिणाम. सांगायचं कोणाला? नाव नाकावर कमावलेलं! तो पहिल्यासारखाच वाकायचा, डोळे मिटायचा, दोन श्वास ओढायचा, आणि मग धुराचा रंग पाहून, इंजिनाचा आवाज ऐकून अंदाज ठोकायचा. दहातले नऊ अंदाज बरोबर निघत होते. माणसाला बिघडवायला तेवढं पुरतं.

दहावा अंदाज भावसिंगच्या वाट्याला आला.

भावसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याच्याकडे एक छोटी मालगाडी होती, तिच्यातून तो गावागावातला कापूस जिनिंगला नेऊन टाकायचा. गफ्फारभाईचा जुना दोस्त. गाडी खोलायला घेतली की हा बाजूला उकिडवा बसायचा, आणि गफ्फारभाईनं हात मागे केला की न मागता नेमका पाना त्या हातात. त्या वर्षी अळीनं बोंडं आतून खाल्ली, वेचायला मजूर लावणंही परवडेना, त्यामुळे फेऱ्या निम्म्यावर आल्या. तरी गाडी चालू होती तोवर भावसिंगचं घर तांड्यावर टिकून होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी तो पांढरा धूर सोडत आला. "गफ्फारभाई, पाह्य ना रे. कालपासून असं करून राह्यली."

गफ्फारभाई वाकला. डोळे मिटले. दोन श्वास ओढले. हवेत गारठा होता, धूर पांढरा होता, रेडिएटर भरलेला होता, म्हणजे पाणी कुठं जात नाही असं त्याला वाटलं. भावसिंग रोज सकाळी त्यात पाणी टाकूनच गाडी काढतो, हे त्याला माहीत होतं, पण आठवलं नाही. "नोझल," तो म्हणाला.

हलीमा चहा घेऊन आली होती. ती थबकली. "अहो, गोड वास येऊन राह्यला. पाक करपल्यावानी."

कळलं होतं हो गफ्फारभाईला! त्याच क्षणी कळलं होतं. पण दोस्तासमोर, आपल्याच शेडमध्ये, आपली बायको सांगते आणि आपल्याला वास येत नाही, हे त्याच्या जिवाला सोसवलं नाही. "तुले काय समजते त्यातलं? चहा ठेव अन् जाय घरात!"

ती गेली. भावसिंग खाली मातीकडे पाहत राहिला. मग त्यानं पाना पुढे केला.

नवी नोझलं बसवली. धूर तसाच. तिथं तरी कबूल करावं की नाही? गफ्फारभाई म्हणाला, "दोन दिवस चालव. नवी नोझलं बसाले वेळ घेतात." असं काही नसतं. हे बोलताना त्यानं दोस्ताच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी कापूस भरून जिनिंगच्या रांगेत उभी होती. उभ्या गाडीत रात्रभर कूलरचं पाणी थेंबथेंब इंजिनात उतरत राहिलं. सकाळी रांग सरकली, भावसिंगनं सेल मारला, आणि पाण्यावर पिस्टन आदळून आतला दांडा वाकला, ब्लॉकला भोक पडलं. एका सेलमध्ये इंजिन खलास.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. गफ्फारभाईनं एकट्यानं कूलर उतरवला, पाण्याचं एक तोंड बुजवलं, दुसऱ्यातून पाणी ओतलं. ते धुराच्या तोंडातून त्याच्या पायावर आलं. पुढचा-मागचा विचार न करता त्यानं कूलर बाकाखाली सरकवला. भावसिंग आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं, "गाडीचं वय झालतं रे."

"असन," भावसिंग म्हणाला.

गाडी भंगारात गेली. भावसिंग आणि त्याची बायको हंसाबाई ऊसतोडीला निघून गेले. हलीमा एका शब्दानं बोलली नाही, 'मी म्हटलं होतं' एवढंही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पुढची पांढऱ्या धुराची गाडी आली तेव्हा गफ्फारभाईनं चारचौघांसमोर हाक मारली, "हलीमा, ये वं. वास घे." गिऱ्हाइकं हसली. हसू दे. तेव्हापासून शेडचं नाक हलीमाच. तिचा अंदाज आजवर चुकला नाही. म्हणजे ते तेव्हाही सोपंच होतं, फक्त एक हाक मारायची होती.

पाच वर्षांनी भावसिंग आला. केस पांढरे, उमरखेडच्या कोण्या मालकाची गाडी हातात. सायलेन्सरातून पांढरा धूर.

गफ्फारभाईनं हलीमाला हाक मारली. ती वाकली आणि म्हणाली, "कूलर."

गफ्फारभाई खाली बसला. पाच वर्षं कोंडून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "भावसिंग, त्या दिवशी मले वासच येत नव्हता. आजही येत नाही. हिनं सांगतलं, अन् मी हिलेच घरात हाकललं. तुही गाडी मी मारली."

"मले येत होता वास," भावसिंग म्हणाला. "घरून इथवर गोडच वास येत होता. तूच शिकवलं होतं ना? हंसाबाईबी म्हणाली, गाडी जिनिंगले नेऊ नको. पण तू वाकला, डोळे मिटले अन् म्हणला नोझल. मंग मले वाटलं, आपलंच नाक खोटं."

हलीमा आत चहा ठेवायला गेली. भावसिंग पहिल्यासारखा गाडीशेजारी उकिडवा बसला, पेटीतून तेरा नंबरचा पाना काढला आणि गफ्फारभाईच्या हातात दिला.