देवाचं पान

शाळेच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन महाड डेपोत कापडे गावच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या माणसाने टोपी काढली, तेव्हा कानाच्या वर डोक्यावरचा लांब व्रण दिसला.

"मेंदूचं ऑपरेशन," दाढ काढल्यासारखं त्याने सांगितलं. "फेफरं यायचं. गोळ्यांनी थांबेना, म्हणून मुंबईला तेवढा तुकडाच काढला. वर्षात एकदापण नाय आलं."

"गाव खूश असेल!"

"कसलं! फेफऱ्यात माझी नजर थिजायची, तोंड चघळत राहायचं. गाव म्हणायचं, अंगात देव आलाय, पान खातोय. हरवलेल्या म्हशी विचारायला रांग लागायची. आता सरपंच म्हणतो, डॉक्टरला सांगून थोडं ठेवायचं होतंस रे!"

"परत येईल का?"

"डॉक्टर म्हणतो, गोळ्या घे, अजून वर्षभर बघू. नाय आलं तर बायको विहिरीवर एकट्याला सोडेल."

गाडी लागली का बघून मी वळलो, तर त्याची नजर समोर खिळलेली आणि तोंड चघळतंय. माझा देवावर विश्वास नाही, डॉक्टरांवर बेताचाच. पण त्या क्षणी मी दोघांचाही धावा केला आणि त्याचा दंड धरला.

त्याने शांतपणे पिंक टाकली.

"घाबरलात, मास्तर? पान हाय. आता माझं मीच खातो."