एक गट, तीन वाटण्या

त्या माणसाला मी दीड वर्ष तोंडावर ‘सर’ म्हणत आले. इथे मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. एवढा हक्क मी कमावलाय.

आमची कंपनी नाशिक रोडला, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. काम सॉफ्टवेअरचं, पण गिऱ्हाइकं सगळी आसपासची: पतसंस्था, शाळा, कांद्याचे व्यापारी. तो पुण्याहून प्रोजेक्ट हेड म्हणून आला, तेव्हा दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं मोठं काम नुकतंच हाती आलं होतं. कुठल्या शेतकऱ्याने कुठल्या बागेत कुठलं औषध कधी मारलं, याची पक्की नोंद त्यांना हवी होती. फवारणीनंतर ठरावीक दिवस गेल्याशिवाय घड तोडायचा नसतो. तोडला आणि औषधाचा अंश सापडला, तर परदेशातून अख्खा कंटेनर परत येतो. या नोंदींचा डेटाबेस कसा असावा, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

डेटाबेस म्हणजे शेवटी तक्तेच. त्यातल्या प्रत्येक ओळीला एक खूण लागते, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीला नसते. बागेची खूण म्हणून शेताचा गट नंबर घ्यावा, असं कुणालाही वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी देवळ्याची, शेतकऱ्याच्या घरची. आमचं कांद्याचं शेत सातबाऱ्यावर आजही एकत्र आहे, आणि प्रत्यक्षात बाबा आणि दोन्ही काका बांध घालून आपापलं कसतात. त्यासाठी तलाठ्याकडे कुणी गेलं नाही. जायची गरजच पडली नाही, बांध कुठला ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. म्हणून मी ‘वाटणी’ नावाचा वेगळा तक्ता केला. गट एक, त्याखाली वाटण्या कितीही, आणि प्रत्येक वाटणीची फवारणी वेगळी.

त्याने तो तक्ता काढून टाकला.

“एका गटाला एक बाग. फॉर्म एका पानात बसला पाहिजे,” तो म्हणाला. मी मीटिंगमध्ये आमच्या घरचं उदाहरण दिलं, तर सगळ्यांसमोर हसून म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरची भांडणं डेटाबेसमध्ये कशाला आणताय?” सगळे हसले. कोण किती जोरात हसलं, तेही माझ्या लक्षात आहे. मी त्याच दिवशी माझा आक्षेप सविस्तर लिहून त्याला मेल केला. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं: वाटणीचा तक्ता नको.

आमच्या मालकांची एक रीत आहे. कुठलंही नवं काम लाइव्ह करायचं ते दसऱ्याच्या मुहूर्तावर. सर्व्हरला झेंडूची माळ, लॅपटॉपांना हळदकुंकू, दाराशी नारळ, आणि मालकांनी स्वतः बटण दाबायचं. सामाईक गटांची चाचणी झालेली नाही, आठ दिवस थांबू या, असं मी आदल्या दिवशी सांगून पाहिलं. मालक म्हणाले, “अहो, वर्षाचा मुहूर्त आहे!” तो म्हणाला, “काही होत नाही.” ठरल्या वेळी बटण दाबलं गेलं. मग त्याने निर्यातदारासमोर भाषण केलं. पडद्यावर माझेच तक्ते होते, माझ्याच हातचे, आणि खाली ‘डिझाइन’ म्हणून त्याचं एकट्याचं नाव. मी पेढा खाल्ला.

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणते, तुझ्यापेक्षा नागीण परवडली. विसरा आणि पुढे चला, असं सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ज्याचं कुणी काही हिरावून घेतलेलं नसतं, तोच असं सांगू शकतो.

जानेवारीपर्यंत काहीच झालं नाही. नुसत्या नोंदी साठत होत्या, आणि साठेपर्यंत सगळंच बरोबर दिसतं. मग तोडणी सुरू झाली. एका सोमवारी सकाळी निर्यातदाराचा फोन आला आणि तो मला घेऊन त्यांच्या पॅकहाऊसला, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरतात तिथे, गेला.

फाटकाशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात तोडणीची कात्री. मजूर बागेत येऊन बसलेले, आणि पॅकहाऊसच्या यादीत त्यांच्या बागेपुढे लाल खूण: तोडायला परवानगी नाही. मी त्यांना काय झालं ते विचारलं.

“ओ ताई, माझ्या बागंला बावीस दिवसांत औषीद नाय मारलं. थोरल्या दिरानं मारलंय परवा. त्याची छाटणीच मागून झाली. त्याचा बांध येगळा, माझा येगळा. आमचे मालक गेल्यापून मी एकटीच करते माझी बाग.”

एक गट, तिघांची शेतं. कॉम्प्युटरला मात्र एकच बाग दिसत होती, आणि तिची शेवटची फवारणी परवाची. पॅकहाऊसचे मॅनेजर हात वर करून म्हणाले, “मला पटतंय हो, पण मला बदलता येत नाही.” ते खरंच होतं. नोंदीला माणसाचा हात लागणार नाही, हे तर त्याने भाषणात छाती पुढे काढून सांगितलं होतं. बाईंसारखी अडकलेली आणखीही घरं होती.

आणि मग त्याने, त्या बाईंच्या आणि मॅनेजरच्या देखत, माझ्याकडे बोट केलं. “डेटाबेस या मॅडमनी डिझाइन केलाय. मी बघतो त्यांच्याकडे.”

चोराच्या उलट्या बोंबा! दसऱ्याला पुसलेलं माझं नाव त्याला आता बरोबर आठवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी आजही सोसू शकत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑफिसात आल्या आल्या मी माझा जुना तक्ता बाहेर काढला. फवारणीची प्रत्येक नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून येत होती, तेव्हा नंबरावरून वाटण्या वेगळ्या करता येत होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्क्रिप्ट, म्हणजे त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, तयार झाली. सगळ्या नोंदींची एक नक्कल घेऊन तिच्यावर चालवून पाहिली. बाईंची बाग हिरवी झाली, दिराची लाल राहिली. आता खऱ्या सर्व्हरवर चढवायचं तेवढं बाकी होतं. दहा मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही.

शुक्रवारी बैठक ठरली होती. निर्यातदार, आमचे मालक, सगळे येणार होते. सोमवारीच दिलं असतं, तर शुक्रवारी तोच उठून सांगणार, की मी मॅडमकडून करून घेतलं. मग पडद्यावर पुन्हा त्याचं नाव आलं असतं आणि मी पुन्हा पेढा खाल्ला असता. नाही. मला त्याला भर बैठकीत तोंडघशी पाडायचं होतं.

ते चार दिवस मी मजेत घालवले, हे कबूल करते. तो रोज निर्यातदाराला नवी थाप मारायचा. आधी म्हणाला दोन दिवस, मग म्हणाला दोन आठवडे. बुधवारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि मऊ आवाजात म्हणाला, “मॅडम, काही सुचतंय का?”

“बघतेय, सर,” मी म्हणाले.

माझ्या डब्याला त्या आठवड्यात चव होती. झोपही छान लागायची.

गुरुवारी दुपारी त्या बाईंचा फोन आला. माझा नंबर मीच त्यांना फाटकाशी दिला होता.

“ताई, सकाळची थंडी लय पडतीय अन् दुपारी ऊन चटका देतंय. मणी गुलाबी पडाया लागले. घडाला पेपर बांधतोय आम्ही समदे, पर किती बांधावं? गुलाबी माल बाहेरचे घेत नाय, तुम्हाला तं माहीतच आसंल.”

मला माहीत होतं. द्राक्षाचं काम करता करता एवढं कळायला लागलंच होतं, की पिकलेला हिरवा माल अशा हवेत वेलीवर थांबला की त्याच्यावर गुलाबी छटा चढते, आणि एकदा चढली की उतरत नाही. स्क्रिप्ट माझ्या समोर होती. तोही ऑफिसात नव्हता.

“उद्या होईल, मावशी,” मी म्हणाले. फोन ठेवला आणि त्या जुन्या मेलचे प्रिंट काढायला गेले.

शुक्रवारी मी काही बोलायच्या आधी सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला. वर माझा आक्षेप, खाली त्याची एक ओळ. मग भिंतीवरच्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, स्क्रिप्ट सर्व्हरवर चढवली. लाल खुणा एकामागून एक हिरव्या झाल्या. निर्यातदार चष्मा काढून त्याला म्हणाले, “म्हणजे हे तुम्हाला आधीच लेखी सांगितलं होतं?” तो पाणी प्यायला. मग हातातला कागद त्याने टेबलावर उलटा करून ठेवला. ते मी नीट पाहून घेतलं. पुढच्या महिन्यात तो पुण्याला परत गेला, आणि त्याच्या निरोपाला मी हौसेने वर्गणी दिली.

त्याआधी, बैठकीनंतर आठ-दहा दिवसांनी, बाई ऑफिसात आल्या. जिना चढून दमल्या होत्या. पिशवीतून त्यांनी द्राक्षं काढून माझ्या टेबलावर ठेवली. गोड होती, आणि गुलाबी.

“बाहेर नाय गेला माल,” त्या म्हणाल्या. “थोडाफार घेतला, बाकीचा हितल्याच व्यापाऱ्याला दिला. पर तुम्ही कामाला लागल्या म्हून एवढं तरी झालं. मॅनेजर म्हनले, त्या मॅडमनीच केलं.”

मी चहा मागवला. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, बशीत चहा ओतला, आणि पाऊस कधी येईल असं विचारावं तितक्या सहज म्हणाल्या, “सोमवारीच नसतं का झालं, ताई? सोमवारी माल हिरवागार होता.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर कदाचित मी खरं बोलले असते.

“मी सोमवारीच करून ठेवलं होतं, मावशी,” मी म्हणाले. “सरांनी लावू दिलं नाही.”

बाईंनी बशी खाली ठेवली आणि त्याला शिव्या घातल्या. त्याला, त्याच्या आईबापाला, त्याच्या हाताला, ज्या हाताने त्याने तयार काम अडवून धरलं त्या हाताला. चार दिवस एका बाईची बाग डोळ्यांदेखत नासू देणारं माणूस कसल्या काळजाचं असंल, असं म्हणाल्या. तो काचेपलीकडे त्याच्या केबिनमध्ये बसला होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. मी ऐकत होते. त्यातली एकही शिवी त्याची नव्हती. मी मान हलवत राहिले.